पगार थांबल्यावर घर कशावर चालणार? निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या सोलापूरकरांसाठी

खात्यावर निवृत्तीचे पैसे पडल्याची बातमी चिंचोळी एमआयडीसीतून जुळे सोलापूरला पोचायला एक दिवसही लागत नाही. मग फोन सुरू होतात. बँकेतला 'रिलेशनशिप'वाला मुलगा, पतसंस्थेतले ओळखीचे संचालक, माग घालायला भांडवल हवं असलेला भाचा. प्रत्येकजण एकच विचारतो, ठेवायचे कुठे ठरवलंय? हा प्रश्न खरं तर शेवटचा. त्याआधी दोन उत्तरं हातात हवीत: दरमहा किती लागणार आणि किती वर्षं लागणार.

दुसऱ्या प्रश्नात बहुतेकांची गफलत होते. नवरा ५८ चा आणि बायको ५४ ची असेल, तर हिशोब नवऱ्याच्या ८० पर्यंत धरून चालत नाही, बायकोच्या ८५ पर्यंत धरावा लागतो. म्हणजे २२ वर्षं नाही, ३१ वर्षं. आणि त्यातली शेवटची काही वर्षं ती एकटी असण्याची शक्यता जास्त. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

वर्षभर आधी: कागद जुळवा

पैसे अडकतात ते नियमांमुळे कमी आणि नावांमुळे जास्त. सोलापुरात तर विशेषच. पीएफच्या नोंदीत 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मी', बँकेत माहेरचं आडनाव. तेलुगू आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं तीन कागदांवर तीन प्रकारची. आणि आपल्याकडे अर्ध्या पिढीची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेली १ जून. आधार काढताना कुणीतरी वेगळी सांगितली, की पेन्शनच्या अर्जाच्या वेळी ते उघड होतं. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन ५८ पूर्ण झाल्यावर सुरू होते आणि ते ५८ पीएफच्या नोंदीतल्या तारखेवरून मोजलं जातं.

म्हणून निवृत्तीच्या वर्षभर आधी एक दुपार काढा. आधार, पॅन, पीएफची नोंद आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून चार गोष्टी अक्षर न् अक्षर ताडून पाहा: पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख. फरक असेल तर पीएफच्या पोर्टलवरून दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. बऱ्याच दुरुस्त्यांना कंपनीची संमती लागते, म्हणून हे काम कंपनीत असतानाच उरका. कारखाना बंद पडल्यावर सही द्यायला कोणी उरत नाही, हे गिरण्यांच्या या गावाला वेगळं सांगायला नको.

त्याच बैठकीत आणखी दोन कामं. आधीच्या नोकऱ्यांची पीएफ खाती चालू खात्यात वर्ग करून घ्या, कारण पेन्शनला सगळ्या नोकऱ्यांची मिळून सेवा धरली जाते आणि दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शनच मिळत नाही. दुसरं, पीएफचं ऑनलाइन नामनिर्देशन तपासा. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असेल तर लग्नानंतर ते नामनिर्देशन रद्द ठरतं. तरी पंचवीस-पंचवीस वर्षं ते तसंच पडून असतं.

महिन्याचा खरा आकडा

'आमचं पंचवीस हजारांत भागतं' असं सांगणाऱ्या घरात वर्षभराचं बँक पासबुक उघडलं की आकडा बत्तीसवर जातो. फरक पडतो तो वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांचा. घरपट्टी-पाणीपट्टी, गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, एप्रिल-मेमधलं कूलर आणि एसीचं लाइट बिल, पाणी काही दिवसांआड येत असल्याने मागवलेला टँकर, लग्नसराईतले आहेर, दिवाळी, लेकीचं माहेरपण, वर्षभराची ज्वारी आणि तिखट. हे सगळं लिहा, बेरीज करा, बाराने भागा आणि किराणा-दूध-औषधांच्या नेहमीच्या खर्चात मिळवा. मुलांचं शिक्षण किंवा गृहकर्ज संपलं असेल तर ते वगळा. औषधं मात्र वगळू नका, उलट थोडी वाढवून धरा.

या आकड्याला महागाईची जोड द्या. वर्षाला सहा टक्के धरले तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आजचे ३२ हजार म्हणजे सत्तरीतले ६४ हजार.

हाती काय येणार

ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. २६,००० रुपये वेतन आणि २८ वर्षं सेवा असेल तर ४,२०,००० रुपये. शेवटच्या अर्धवट वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. २७ वर्षं ८ महिने असताना कोणी २७ ने गुणत असेल तर तिथेच थांबवा. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी.

ईपीएसबद्दल मात्र गैरसमज फार. सूत्र असं: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. वेतन कितीही असो, बहुतेकांसाठी ते १५,००० वरच थांबतं आणि सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला ६,५०० ची जुनी मर्यादा लागते. वीस वर्षं सेवा झाली असेल तर दोन वर्षं जादा मिळतात. एवढं करूनही २८ वर्षं काम केलेल्या माणसाच्या हाती चार-साडेचार हजारांच्या आसपासच येतात. किमान पेन्शन १,००० रुपये आहे आणि बिडी उद्योगातल्या कितीतरी बायका या किमान आकड्याच्या आसपासच असतात. पतीच्या मागे पत्नीला यातली निम्मी रक्कम मिळते, किमान १,०००. ५८ च्या आधी पेन्शन घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कायमची कापली जातात. त्यामुळे ५० व्या वर्षी नोकरी सुटली म्हणून घाईने पेन्शनचा अर्ज करू नका.

रेल्वे किंवा इतर सरकारी नोकरीतून जुन्या पेन्शनवर निवृत्त होणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा असतो: पेन्शन विकायची का? म्हणजे अंशराशीकरण. केंद्राच्या तक्त्यानुसार साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ८.१९४ हा गुणक लागतो. मूळ पेन्शन ४०,००० असेल आणि ४० टक्के, म्हणजे १६,००० विकले, तर १६,००० × १२ × ८.१९४ = १५,७३,२४८ रुपये एकरकमी मिळतात. बदल्यात पंधरा वर्षं दरमहा १६,००० कापले जातात, एकूण २८,८०,०००. याला कर्ज समजून व्याज काढलं तर ते सुमारे नऊ टक्के भरतं. विकून आलेले पैसे सात टक्क्यांच्या एफडीत टाकणं म्हणजे नऊने घेऊन सातने देणं. पण दोन बाजू लक्षात घ्या. ही रक्कम करमुक्त असते. आणि मध्येच पेन्शनर गेला तर कपात तिथेच थांबते, कुटुंब निवृत्तीवेतन पूर्ण पेन्शनच्या हिशोबानेच मिळतं. घरावर नऊ टक्क्यांहून महाग कर्ज असेल किंवा तब्येत नाजूक असेल तर विकावी. नुसती एफडी करायची असेल तर विकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

४८ लाखांचं एक घर

आता एक घर समोर ठेवू. तो ५८, ती ५४. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, आधीच्या ठेवी आणि विकलेला एक प्लॉट मिळून ४८ लाख. राहतं घर स्वतःचं, कर्ज नाही. खर्च ३२,०००, ईपीएस ४,५००. म्हणजे दरमहा २७,५०० उभे करायचे.

सिनिअर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये २४ लाख. मर्यादा माणशी ३० लाख, मुदत पाच वर्षं, २०२५ मध्ये व्याज ८.२ टक्के. व्याजदर प्रत्येक तिमाहीला जाहीर होतो, पण तुम्ही पैसे ठेवता त्या दिवशीचा दर पाच वर्षं तसाच राहतो. २४ लाखांवर तिमाहीला ४९,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १६,४००. साठी पूर्ण झालेल्या कोणालाही हे खातं उघडता येतं. ५५ ते ६० मधल्यांना मात्र निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, कंपनीचा दाखला जोडून, आणि मिळालेल्या लाभाच्या रकमेपुरतंच. कंपनीच्या एचआरकडून दाखला घेताना त्यावर निवृत्तीचं कारण, पद, सेवेचा काळ आणि प्रत्येक लाभाची रक्कम लिहून घ्या. 'सेवामुक्त' एवढंच लिहिलेलं पत्र काउंटरवरून परत येतं. पीएफचे पैसे यायला उशीर झाला तरी कंपनी सोडतानाच दाखला हातात असू द्या. या घरात प्लॉट आणि आधीच्या ठेवी या स्कीमच्या बाहेरच ठेवाव्या लागतील, हेही ध्यानात घ्या.

इथे एक बारकावा फार उपयोगी पडतो. २४ लाखांचं एकच खातं उघडू नका. सहा-सहा लाखांची चार उघडा. या स्कीममधून थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर अख्खं खातं मोडावं लागतं. पहिल्या वर्षात मोडलं तर दिलेलं व्याजही परत घेतात, एक ते दोन वर्षांत दीड टक्का, त्यानंतर एक टक्का कपात. २४ लाखांवर दीड टक्का म्हणजे ३६,०००. सहा लाखांवर ९,०००. दवाखान्याचं बिल तीन लाखांचं असताना ३६ हजारांचा फटका कशाला घ्यायचा?

आणखी दोन ठिकाणी लोक नकळत पैसे घालवतात. व्याज वेळेवर उचललं नाही तर त्या पडून राहिलेल्या व्याजावर वेगळं व्याज मिळत नाही, म्हणून खातं उघडतानाच ते बचत खात्यात आपोआप जमा होण्याची व्यवस्था करून घ्या. आणि पाच वर्षांनी मुदत संपल्यावर अर्ज न करता तसंच सोडलं, तर पुढे फक्त बचत खात्याचा दर लागतो. मुदतवाढ तीन वर्षांची मिळते, अर्ज मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत करायचा.

पोस्टाच्या एमआयएसमध्ये, म्हणजे मासिक उत्पन्न योजनेत, ९ लाख, दोघांच्या नावे. संयुक्त खात्याची मर्यादा १५ लाख, एकट्याची ९ लाख. ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर महिन्याला ५,५५०. वर्षाच्या आत पैसे निघत नाहीत, तीन वर्षांपर्यंत दोन टक्के, मग एक टक्का कपात.

बेरीज करा: ४,५०० + १६,४०० + ५,५५० = २६,४५०. ३२,००० ला ५,५५० कमी पडतात, वर्षाला ६६,६००. त्यासाठी एकूण ४ लाखांच्या पाच एफडी करा, ८०-८० हजारांच्या, एक ते पाच वर्षांच्या. दरवर्षी एक सुटेल आणि कमतरता भरून काढेल. पुढच्या वर्षांत महागाईने तूट वाढेल, म्हणून रक्कम थोडी जादा धरली आहे.

४ लाख अडीअडचणीसाठी. निम्मे बचत खात्यात, निम्मे कधीही मोडता येणाऱ्या एफडीत. खातं दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं हवं. हे पैसे लग्नासाठी नाहीत, दुकानासाठी नाहीत. दवाखान्यासाठी आहेत.

उरले ७ लाख. हे सात-आठ वर्षं हात न लावता वाढू द्यायचे. शेअरशी निगडित इंडेक्स फंड किंवा शेअर आणि कर्जरोखे एकत्र असलेला हायब्रिड फंड, वर्ष-दीड वर्षात हप्त्याहप्त्याने टाकून. इथे हमी नाही, मधल्या काळात आकडा खालीही दिसेल. ज्याला ते पाहून झोप लागत नाही त्याने रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बाँड घ्यावेत. २०२५ मध्ये त्यांचं व्याज ८.०५ टक्के, मुदत सात वर्षं. दर सहा महिन्यांनी बदलतो आणि नेहमी एनएससीपेक्षा, म्हणजे पोस्टाच्या राष्ट्रीय बचत पत्रापेक्षा, ०.३५ टक्का वर असतो.

सिनिअरचं व्याज तीन महिन्यांनी येतं आणि दूधवाला महिन्याने. त्यासाठी एक 'पगार खातं' करा. सगळं व्याज, पेन्शन, सुटलेली एफडी त्यात. सुरुवातीलाच त्यात तीन महिन्यांचा खर्च ठेवा आणि दर १ तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात आपोआप जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या. घराला पगार मिळाल्यासारखा मिळतो.

पण हे पुरतं का?

व्याजात भागतं म्हणजे झालं, असं इथे वाटतं. पाटीवर आकडे मांडले की तसं दिसत नाही. खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढतोय, ईपीएस तेवढीच राहते, आणि सगळ्या पैशांवर सरासरी ७.८ टक्के मिळतात असं धरलं, तर हे ४८ लाख सुमारे १६ वर्षांत संपतात. तो ७४, ती ७०. तिची पुढची पंधरा वर्षं कोरी.

दोन गोष्टी बदलून पाहू. त्याने पाच वर्षं अर्धवेळ काम केलं, चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानात हिशोब लिहून किंवा कारखान्यात देखरेखीला, आणि महिन्याला १५,००० आणले, तर पैसे जवळजवळ तीन वर्षं जास्त टिकतात. खर्च ३२ ऐवजी २८ हजारांवर आणला तरी साधारण तेवढीच. दोन्ही केलं तर सुमारे २२ वर्षं. म्हणजे ती ७६ ची. अजूनही कमीच. यानंतर उरतं राहतं घर: वरचा मजला भाड्याने देणं, मोठं घर विकून लहान फ्लॅट घेणं, किंवा बँकेच्या रिव्हर्स मॉर्गेजचा, म्हणजे राहत्या घरावर बँकेकडून दरमहा पैसे घेण्याचा, विचार. म्हणून घर मुलांच्या नावावर करायची घाई नको, त्याबद्दल पुढे. आणि म्हणूनच सात लाखांची वाढीची रक्कम छोटी वाटली तरी तीच मोडू नका. दोन वर्षांनी तो साठीचा झाला आणि सहा वर्षांनी ती झाली, की सगळं पुन्हा मांडा. तेव्हा तिच्या नावावरही सिनिअरचं खातं उघडता येईल.

भागभांडवल, ओळख आणि दोन टक्के जादा

सोलापुरात सहकारी बँक म्हणजे घरचीच गोष्ट. तिथले चेअरमन ओळखीचे, कर्मचारी गल्लीतला. म्हणून हे कान उघडे ठेवून वाचा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी असो वा सरकारी, ठेव विम्याचं संरक्षण ५ लाखांपर्यंत. ते माणशी, बँकेमागे, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. ५ लाखांची एफडी केली तर व्याज विम्याबाहेर गेलं. साडेचार लाख ठेवा, व्याजाला जागा राहते. नवरा-बायकोचं संयुक्त खातं, ज्यात त्याचं नाव आधी, आणि दुसरं, ज्यात तिचं आधी, ही दोन वेगळी धरली जातात, दोन्हींना वेगळं संरक्षण मिळतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बहुतेक ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळण्यासारखी होती, कारण ती पाच लाखांच्या आत होती. अशा वेळी हाल होतात ते त्याहून जास्त रक्कम एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांचे.

पतसंस्थेला मात्र हा विमाच नाही. बहुराज्य पतसंस्थेलाही नाही, तिच्या पाटीवर 'केंद्रीय नोंदणी' लिहिलेलं असलं तरी. पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जादा देते, म्हणजे पाच लाखांवर वर्षाला दहा हजार. त्या दहा हजारांसाठी पाच लाख बिनविम्याचे ठेवायचे की नाही, एवढाच प्रश्न. भिशीही त्यातलीच. बायकांच्या चार महिन्यांच्या भिशीत गंमत आहे, निवृत्तीच्या पैशांनी त्यात उतरू नये.

बँकेतच एफडी करायला गेल्यावर 'हमखास उत्पन्न' असं छापलेली विम्याची पॉलिसी हातात पडण्याचा प्रकारही सर्रास होतो. सही झालीच असेल तर घाबरू नका. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

भाच्याच्या मागासाठी पैसे द्यायचेच असतील तर वरच्या ४८ लाखांबाहेरचे द्या. आणि जामीन म्हणून सही नको.

कर आणि ते दोन वर्षांचं अंतर

पाच वर्षांहून जास्त सेवेनंतरचा पीएफ करमुक्त. ग्रॅच्युइटी खासगी नोकरीत २० लाखांपर्यंत, रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या नियमित उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि पेन्शनवर ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणखी मिळते. वरच्या घराचं वर्षाचं उत्पन्न पावणेचार लाखांच्या आसपास, म्हणजे कर नाहीच.

तरी व्याज देतानाच त्यातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो आणि मग परतावा मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. साठीनंतर वर्षाला एक लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस नाही, त्याहून जास्त व्याज असेल तर कर कापू नये म्हणून अर्ज द्यायचा, २०२५-२६ मध्ये तो १५एच होता. पण ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला माणूस ज्येष्ठ नागरिक नसतो. त्याच्यासाठी ही मर्यादा ५० हजार आणि अर्ज २०२५-२६ मध्ये १५जी होता. दोन वर्षं चुकीचा फॉर्म भरून टीडीएस कापून घेणारे खूप असत. अर्ज दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळा.

बायकोच्या नावावर पैसे ठेवणं तिच्या सुरक्षिततेसाठी योग्यच. करासाठी उपयोग नाही, नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचं व्याज त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

दवाखाना

४ लाखांचा राखीव पैसा ही शेवटची फळी. पहिली फळी विमा. कंपनीचा गट विमा निवृत्तीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच, शक्यतो तीन-चार वर्षं आधी घ्या. जुन्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, ती नोकरीतच संपते. शुगर-बीपी लपवू नका, दावा नाकारला जाण्याचं ते एक नेहमीचं कारण. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

कारखान्यात ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, किमान पाच वर्षं असाल आणि निवृत्तीच्या वयाने बाहेर पडलात, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू राहतात. हे माहीत नसल्यामुळे घालवणारे कामगार मोजता येणार नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळती ठेवा. सत्तरी पूर्ण झाल्यावर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण.

तिच्यासाठीची फाइल

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याला पैसे देते, हक्क वारसांचा. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र दोन्ही हवं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. दोन साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. घर पुढे मुलाला मिळावं असं वाटत असेल, तर ते मृत्युपत्रात लिहा, बक्षीसपत्र आज करू नका. मुलाच्या नावे राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये, म्हणून ते सोपं वाटतं. तरीही करायचंच ठरलं तर दस्तात 'आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानुसार ही अट मोडली तर बक्षीस रद्द करण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात जाता येतं. अट लिहिली नसेल तर ती होती हे सिद्ध करणं अवघड जातं.

सिनिअरच्या खात्यात पत्नी संयुक्त खातेदार किंवा एकमेव नॉमिनी असेल आणि त्या वेळी ती स्कीमसाठी पात्र असेल, तर ती खातं मुदतीपर्यंत चालवू शकते. नसेल तर कपात न लागता ते बंद होतं.

आता एक जाड फाइल घ्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत कोष्टक: कुठे, किती, कोणत्या तारखेला व्याज, कोणत्या खात्यात, मुदत कधी संपते. त्यामागे पासबुकं, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पॉलिसी, मृत्युपत्राची प्रत. पासवर्ड आणि पिन या फाइलमध्ये नकोत. मग एक पूर्ण महिना तिला सगळं करू द्या: पोस्टात जाऊन पासबुक भरणं, एटीएम, लाइट बिल, विम्याचा हप्ता. कुठे अडलं ते लिहा. काउंटरवर सही जुळत नाही, मोबाइल नंबर नवऱ्याचाच जोडलेला आहे, ओटीपी त्याच्या फोनवर येतो. या गोष्टी तो जिवंत असताना दहा मिनिटांत सुधारतात.

हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. सरकारी पेन्शनरांना नोव्हेंबरमध्ये, ईपीएसवाल्यांना मागचा दिल्यापासून बारा महिन्यांत कधीही. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, बोटांचे ठसे झिजलेल्या बिडी कामगार आणि मागावरच्या कामगारांसाठी हाच मार्ग बरा. पोस्टमन घरी येऊनही करून देतो. 'दाखला अपडेट करायचाय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मग बँकेत जा, आधी बँकेच्या रांगेत उभं राहू नका.

गड्ड्याची यात्रा संपली, की जानेवारीत ही फाइल पुन्हा उघडा. १ जानेवारीचं सिनिअरचं व्याज तोवर जमा झालेलं असतं, पहिली एफडी सुटायला आलेली असते, गेल्या वर्षीचा खरा खर्च समोर असतो. ३२ हजार धरले होते ते ३४ झाले का, तेवढं आधी बघा.